परूशी ढोंगी नव्हता

पदव्युत्तर वर्गात ख्रिस्ती मराठी साहित्याची ओळख करून देताना एक अनुभव मला जवळजवळ दरवर्षी येतो. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी आणि जकातदार ह्यांचा दृष्टान्त मी वर्गात सांगतो आणि विचारतो, "परूशाचे नेमके काय चुकले?" उत्तर ठरलेले असते : "तो ढोंगी होता." हेच उत्तर उत्तरपत्रिकांत वाचायला मिळते, समीक्षालेखांत मिळते आणि चर्चमधल्या उपदेशांतही ऐकू येते. परूशी म्हणजे दांभिक, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. हे उत्तर चुकीचे तर आहेच. पण ज्या संकटाविषयी दृष्टान्त सावध करतो त्याच संकटात ते आपल्याला सुखाने बसवून ठेवते, आणि म्हणून ते घातकही आहे. प्रस्तुत लेखाचा खटाटोप एवढ्याचसाठी आहे.

दृष्टान्त थोडक्यात असा. दोघे जण प्रार्थनेसाठी मंदिरात जातात. परूशी उभा राहून देवाचे आभार मानतो, की आपण लुटारू, अन्यायी, व्यभिचारी अशा इतर लोकांसारखे नाही, शेजारच्या ह्या जकातदारासारखेही नाही. आठवड्यातून दोनदा आपण उपास करतो आणि सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, हेही तो सांगतो. जकातदार दूर उभा राहतो. वर पाहण्याचेही धाडस त्याला होत नाही. ऊर बडवून तो फक्त दयेची याचना करतो. येशू म्हणतो, की घरी गेला तेव्हा नीतिमान ठरला तो हा दुसरा.

आता ह्यात ढोंग कुठे आहे? ढोंगी मनुष्य जे करत नाही ते करतो असे दाखवतो. परूशी तर जे सांगतो ते करतो. तो उपास करत नव्हता किंवा दशांश चोरत होता, असे दृष्टान्तात कुठेही सुचवलेले नाही. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षाकाठी प्रायश्चित्ताच्या दिवसाचा एकच उपास सक्तीचा केला होता. हा आठवड्याला दोन करतो, म्हणजे कर्तव्याच्या कितीतरी पलीकडे जातो. शिवाय श्रेयही तो देवालाच देतो. त्याच्या प्रार्थनेची सुरुवातच आभाराने होते. उलट जकातदार हा रोमन सत्तेच्या आश्रयाने आपल्याच माणसांना नाडणारा. त्या काळच्या श्रोत्यांना ह्या दोघांपैकी शेजारी म्हणून कोण हवा होता, हे सांगायला नको. दृष्टान्ताचा धक्का आहे तो इथे. परूशी खोटा असता, तर ही गोष्ट एखाद्या बोधकथेइतकीच निरुपद्रवी झाली असती.

लूकने दृष्टान्त कोणाला उद्देशून सांगितला गेला हेही नोंदवून ठेवले आहे : जे स्वतःच्या नीतिमत्तेवर विसंबतात आणि इतरांना तुच्छ लेखतात अशांना. म्हणजे विषय ढोंगाचा नाहीच. विषय आहे तो खऱ्याखुऱ्या सद्गुणातून उगवणाऱ्या एका रोगाचा. त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. 'दंभ', 'ढोंग', 'अहंकार' हे शब्द जवळपास जातात, पण नेमके लागत नाहीत. सोयीसाठी मी इथे 'नीतिगर्व' असे म्हणतो.

२

शब्द नसणे ही क्षुल्लक बाब नव्हे. मराठी मनाला दंभाचा समाचार घेण्याची मोठी सवय आहे. संतांनी भोंदू साधूंवर कोरडे ओढले, सुधारकांनी कर्मठांची लक्तरे काढली, आचार्य अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया'मध्ये बुवाबाजी रंगभूमीवर आणली. ही परंपरा निःसंशय मोलाची आहे. पण तिने आपल्याला एक खोड लावली आहे. धार्मिक माणसाचे काही बिघडले आहे असे दिसले, की आपण त्याचा मुखवटा शोधू लागतो. मुखवटा सापडला नाही, तर आपल्या टीकेचे हत्यार तिथेच बोथट होते.

मोलिएरच्या 'तार्त्युफ'चे उदाहरण घ्यावे. १६६४ मध्ये ह्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि लगेच त्यावर बंदी आली. तार्त्युफ हा भोंदू आहे. टेबलाखाली लपलेल्या ऑर्गाँला त्याचे खरे रूप कळते आणि नाटक उलगडते. ढोंगावर उपाय असतो तो असा : पडदा बाजूला केला की काम झाले. नीतिगर्व झालेल्या माणसाचा पडदा बाजूला केला तर आत काय दिसेल? आणखी उपास, आणखी दानधर्म, आणखी पहाटेच्या प्रार्थना. त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नसते आणि हीच त्याची आपत्ती असते. ज्याला आपले पाप ठाऊक आहे त्याच्यापाशी परतण्याची निदान एक वाट शिल्लक असते. नीतिगर्वी माणसाला परतायचे कुठून, हेच कळत नाही. कारण आपण घरीच आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातला मोठा भाऊ असाच आहे. तो शेतातून कष्ट करून येतो, घरात वाद्ये वाजताना ऐकतो आणि रागाने दाराबाहेर थांबतो. बापाला त्याची मनधरणी करण्यासाठी बाहेर यावे लागते. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

ख्रिस्ती धर्मविचारात ह्या रोगाला एवढे महत्त्व का, हेही समजून घेतले पाहिजे. मराठी बायबलात 'नीतिमान ठरणे' असा प्रयोग वारंवार येतो. एरवी मराठीत नीतिमान म्हणजे सदाचरणी, चारित्र्यवान. साहजिकच आपला वाचक तो शब्द नैतिक जमाखर्चाच्या वहीत टाकतो. पण जोर आहे तो 'ठरणे' ह्या क्रियापदावर. ठरवणारा दुसरा कोणी आहे. माणूस स्वतःला नीतिमान ठरवू शकत नाही; निवाडा बाहेरून येतो आणि तो कृपेने येतो, ही पौलाच्या पत्रांतली मध्यवर्ती भूमिका आहे. पौल स्वतः परूशी होता आणि नियमशास्त्राच्या बाबतीत आपण निर्दोष होतो असे त्याने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. ती बढाई नव्हती. तसा तो होताही. त्या निर्दोषपणाचाच त्याने पुढे तोट्याच्या बाजूला हिशोब केला. ज्या धर्माचा पायाच 'मला मिळाले ते माझ्या कमाईचे नाही' हा आहे, त्या धर्मात नीतिगर्व हे अनेक पापांपैकी एक पाप राहत नाही. तो पायाच उखडतो. आणि उखडताना आवाज करत नाही, कारण वरची इमारत पूर्वीइतकीच, किंबहुना अधिकच, नीटनेटकी दिसत राहते.

३

'परूशी म्हणजे ढोंगी' ह्या समीकरणाचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. ख्रिस्ती जगाने 'परूशी' हा शब्द शिवीसारखा वापरला आणि ती शिवी शतकानुशतके यहुदी माणसाच्या माथी मारली. परूशी तसे, यहुदी तसे, आम्ही मात्र नम्र जकातदाराचे वारस. म्हणजे जो दृष्टान्त तुच्छतेविरुद्ध सांगितला गेला, त्याचाच आधार घेऊन एका अख्ख्या समाजाला तुच्छ लेखले गेले. नीतिगर्वाच्या इतिहासात ह्याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वस्तुस्थिती अशी, की हा धोका परूशी परंपरेलाही चांगला माहीत होता. येशूच्या एक पिढी आधीचा हिल्लेल हा त्या परंपरेचा थोर गुरू. मरणाच्या दिवसापर्यंत स्वतःची खात्री धरू नये आणि शेजाऱ्याच्या जागी आपण उभे राहिल्याखेरीज त्याचा न्याय करू नये, अशी त्याची शिकवण परंपरेने जपली आहे. दृष्टान्तातल्या परूशाला हे त्याच्याच गुरूने सांगितले असते. तेव्हा परूशी हे कोण्या परक्या जमातीचे नाव नव्हे. धर्म मनापासून पाळणारा जो कोणी, त्याच्या वाटेवर लागणारे ते एक ठिकाण आहे.

आता दृष्टान्ताच्या सापळ्याकडे येऊ. गोष्ट ऐकून संपते तेव्हा श्रोत्याच्या मनात काय उमटते? 'देवा, मी त्या परूशासारखा नाही म्हणून तुझे आभार.' हे वाक्य मनात उमटले, की श्रोता परूशाच्या जागी जाऊन उभा राहिलेला असतो. वर्गातले ते ठरलेले उत्तर मला घातक वाटते ते ह्यासाठी. परूशी ढोंगी होता, असे म्हणताच आपण सुटतो. कारण आपण काही ढोंगी नाही.

४

ह्या सापळ्यात वाचकाला अडकवून पुन्हा बाहेर काढण्याची ताकद आधुनिक कथाकारांपैकी फ्लॅनरी ओ'कॉनर हिच्यात होती. अमेरिकेच्या दक्षिणेतली ही कॅथलिक लेखिका १९६४ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली तिची 'रेव्हलेशन' ही कथा नीतिगर्व शिकवण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते.

कथेतल्या मिसेस टर्पिन डॉक्टरांच्या दवाखान्यात नवऱ्यासोबत बसल्या आहेत. बाई कष्टाळू, टापटिपीच्या, चर्चला जाणाऱ्या, अडल्यानडलेल्याला मदत करणाऱ्या. बसल्या जागी त्या समोरच्या प्रत्येकाची वर्गवारी करतात : गोरे, काळे, जमीनवाले, बिनजमिनीचे, गलिच्छ, सभ्य. आणि देवाने आपल्याला ह्यांतले भलते काही न करता आपण जसे आहोत तसे केले, म्हणून त्यांचे मन येशूविषयीच्या कृतज्ञतेने भरून येते. परूशाची प्रार्थना विसाव्या शतकातल्या जॉर्जियात पोचली आहे, अस्सल भक्तिभावासकट. एवढ्यात समोर बसलेली एक कॉलेजातली मुलगी हातातले जाडजूड पुस्तक त्यांच्या तोंडावर फेकते, त्यांच्या गळ्याशी झोंबते आणि त्यांना रानडुकराची उपमा देऊन नरकात परत जायला सांगते.

कथेचा कळस त्यानंतरचा आहे. घरी आल्यावर डुकरांचा गोठा धुताना मिसेस टर्पिन देवालाच जाब विचारतात : मी डुक्कर कशी? एवढे केले ते कशासाठी? सूर्य मावळताना त्यांना आकाशात एक मिरवणूक दिसते. ज्यांना त्यांनी आयुष्यभर खालच्या पायऱ्यांवर बसवले, ते सगळे नाचत-उड्या मारत पुढे निघाले आहेत आणि सर्वांच्या शेवटी, शिस्तीत, तालासुरात, त्यांच्यासारखे सभ्य लोक चालले आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवरून कळते, की त्यांचे सद्गुणही जळून चालले आहेत. लेखिकेने त्यांना मिरवणुकीतून वगळलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. तेही स्वर्गाकडेच निघाले आहेत. फक्त आपले म्हणून घट्ट धरलेले सारे वाटेत जळत आहे. पाप जळावे हे आपल्याला मान्य असते. सद्गुणही जळावेत हे ऐकवत नाही. ओ'कॉनर दृष्टान्ताचा अर्थ तिथवर नेते. आणि मिसेस टर्पिनला हसता हसता वाचकाच्या लक्षात येते, की दवाखान्यातल्या त्या वर्गवारीत आपणही एक जास्तीची रांग तयार केली आणि तिच्यात मिसेस टर्पिनला सर्वांत खाली बसवले.

५

हे सारे दूरदेशीचे वाटू नये. आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे एक थोर प्रकरण आहे आणि आपण ते नेहमी अर्धेच वाचतो. ते म्हणजे पंडिता रमाबाईंचे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर गेराल्डिन ह्या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. पुढल्या दोन-तीन वर्षांत दोघींमध्ये झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मचिंतनाचा असा जिवंत दस्तऐवज एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वाङ्मयात विरळा आहे.

रमाबाई प्रश्न विचारत होत्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता. अंडे घातलेले पदार्थ त्या खात नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या मुलग्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली; रमाबाईंनी ती हरकत मानायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारून आल्यावर तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट लिहिले. गेराल्डिन ह्यांना ह्या सगळ्यात एकच गोष्ट दिसत होती : गर्व. जातीचा गर्व, बुद्धीचा गर्व, आज्ञापालनाचा अभाव.

गेराल्डिन ढोंगी होत्या का? मुळीच नाही. त्यांनी दारिद्र्य पत्करले होते, सेवा पत्करली होती, रमाबाईंवर आणि विशेषतः मनोरमेवर त्यांची माया होती. रमाबाईंची पत्रे जपून संकलित केली ती त्यांनीच. पण आपली रीत म्हणजेच ख्रिस्ताची रीत, ह्याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून समोरच्या व्यक्तीचा विवेक त्यांना ऐकू येईना. फक्त अवज्ञा ऐकू येई. नीतिगर्वाचे हे लक्षण नोंदवून ठेवावे असे आहे. तो क्रौर्यातून बोलत नाही. तो काळजीतून बोलतो, प्रेमातून बोलतो, दुसऱ्याच्या तारणाच्या चिंतेतून बोलतो, आणि दुसऱ्याला नम्रतेचा उपदेश करतो.

इथवरचे आपण सगळे वाचतो. स्त्रीवादी वाचनाने, वसाहतोत्तर समीक्षेने रमाबाईंचा हा बाणेदारपणा पुढे आणला आणि ते योग्यच झाले. परंतु आपण इथे थांबतो, कारण इथे थांबणे आपल्या सोयीचे आहे. गेराल्डिनबाई परूशी, रमाबाई आणि आपण मिळून जकातदार! रमाबाई स्वतः मात्र इथे थांबल्या नाहीत.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी एक कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. ही आठ वर्षे कोणती ते पाहावे. ह्याच काळात अमेरिकेत फिरून त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी निधी उभारला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे जगाच्या दृष्टीने ज्या वर्षांत त्या सर्वांत धीट, सर्वांत परोपकारी होत्या, त्याच वर्षांविषयी त्या म्हणतात, की मूळ गोष्ट राहून गेली होती. बाहेरच्या कोणी त्यांना असे म्हटले असते, तर त्यांनी ते सहन केले नसते, करूही नये. त्यांनी ते स्वतः म्हटले.

त्यांना ही जाणीव करून देण्यात एका पुस्तकाचा वाटा होता, असे त्या सांगतात. ते पुस्तक म्हणजे विल्यम हॅस्लम ह्या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू इथल्या चर्चचा पाळक होता. १८५१ मध्ये एका रविवारी तो परूशांना ख्रिस्ताची ओळख का पटली नाही ह्यावर उपदेश करत होता. बोलता बोलता त्याच्या मनात उमटले, की तू तरी ह्या परूशांहून कुठे निराळा आहेस? स्वतःच्याच उपदेशाने, स्वतःच्याच व्यासपीठावर त्या पाळकाचे परिवर्तन झाले.

ह्या साखळीकडे नीट पाहावे. एक पाळक परूशांवर बोलता बोलता स्वतःला परूशी म्हणून ओळखतो. त्याचे पुस्तक चाळीसेक वर्षांनी एक मराठी विदुषी वाचते आणि तिला आपल्या पुण्याईच्या मुळाशी असलेली पोकळी दिसते. दृष्टान्त कसा वाचावा ह्याचा ह्याहून चांगला धडा आपल्या अभ्यासक्रमात नाही. तो आपण शिकवत नाही, कारण ह्या उत्तरार्धातल्या रमाबाई आपल्या भूमिकेत बसत नाहीत.

६

इथे 'साक्ष' ह्या वाङ्मयप्रकाराविषयी बोलणे भाग आहे. मराठी ख्रिस्ती समाजात साक्ष देण्याची प्रथा मोठी आहे : पूर्वी मी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला, आता मी कसा आहे. ह्या प्रकाराने मराठी आत्मपर गद्याला बरेच काही दिले. पण त्याच्या घडणीतच एक धोका आहे. 'पूर्वी' जितके काळे रंगवावे तितके 'आता' उजळ दिसते. जकातदाराची प्रार्थना पाठ झाली, दर रविवारी म्हटली गेली, ऐकणारे गहिवरू लागले, की ती परूशाची प्रार्थना होते. 'देवा, मी पापी आहे' हे शब्द तेच राहतात; पण बोलणाऱ्याचे लक्ष शेजारी उभ्या असलेल्या, अजून साक्ष न दिलेल्या माणसाकडे गेलेले असते. नम्रता ही इतकी नाजूक चीज आहे, की ती आपल्याजवळ आहे असे वाटले की गेलीच. म्हणूनच दृष्टान्तातला जकातदार स्वतःच्या नम्रतेविषयी काही बोलत नाही.

ह्या धोक्यातून सुटलेले मराठीतले एक पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा आपला आकांत, आपले सोवळे, आपली भीती, मग हळूहळू बदललेले मन आणि अखेर स्वतःचा ख्रिस्तस्वीकार हे सारे लक्ष्मीबाई सांगतात. साक्षीचा साचा त्यांना आयताच उपलब्ध होता. त्यांनी तो वापरला नाही. पूर्वीच्या लक्ष्मीबाईंना त्या काळोखात ढकलत नाहीत आणि नंतरच्या लक्ष्मीबाईंना उजेडात आणून बसवत नाहीत. दोघींनाही हसतात. नवऱ्याच्या थोरवीबरोबर त्याचा तिरसटपणाही सांगतात. समीक्षकांनी ह्याला 'विनोदबुद्धी' म्हटले, ते बरोबरच आहे. पण ते अपुरे आहे. स्वतःला हसता येणे ही इथे केवळ शैली नाही, ती एक आध्यात्मिक वृत्ती आहे. ज्याला स्वतःविषयी निवाडा द्यायचा नाही, त्यालाच असे हसता येते. ख्रिस्ती परिभाषेत सांगायचे, तर निवाडा त्यांनी दुसऱ्यावर सोपवला आहे.

७

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नीतिगर्वाची एवढी भीती बाळगली, तर अन्यायाला अन्याय कोण म्हणणार? 'तू कोण दुसऱ्याचा न्याय करणारा?' हा प्रश्न बलवानांना फार आवडतो. चर्चमध्ये जात कशी टिकून आहे हे विचारणाऱ्या दलित ख्रिस्ती माणसाला नम्रतेचे प्रवचन ऐकवले जाते. रमाबाईंच्या बाबतीत आपण पाहिलेच, की 'गर्व' हा शब्द प्रश्न दाबण्यासाठी कसा वापरता येतो.

मला वाटते, ह्याचे उत्तर दावीद आणि नाथान संदेष्टा ह्यांच्या कथेत आहे. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले. नाथान त्याच्याकडे येऊन एक गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावली. दावीद संतापतो आणि त्या श्रीमंताला मृत्युदंड द्यावा म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीदाचा संताप खरा होता. त्याची न्यायबुद्धीही शाबूत होती. फक्त ती स्वतःकडे वळत नव्हती. आणि नाथान? तोही न्यायच करतो, तोही राजाच्या तोंडावर. त्याला कोणी नीतिगर्वी म्हणणार नाही. कारण तो राजाहून आपण वरचे आहोत हे दाखवायला आलेला नाही, हिरावलेल्याची बाजू घेऊन आला आहे. अन्यायाविरुद्ध बोलणे आणि नीतिगर्व ह्यांतला फरक इथे आहे. पहिल्यात नजर ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर असते, दुसऱ्यात ती स्वतःच्या स्वच्छ हातांवर असते.

उलट, अन्याय झाकण्याचे काम नीतिगर्वाइतके सफाईने दुसरे काही करत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यायिक चौकशीच्या अहवालाने सहा धर्मप्रांतांतले तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि हजाराहून अधिक अत्याचारित मुले ह्यांची नोंद केली. ज्यांनी प्रत्यक्ष अत्याचार केले ते अपराधी होतेच. पण ज्या वरिष्ठांनी दशकानुदशके प्रकरणे दडपली, त्यांतले सगळेच तार्त्युफ होते असे मानून आपण पुन्हा सुटून जाऊ. चर्चचे नाव म्हणजे देवाचे नाव, ते राखणे म्हणजे पुण्यकर्म, असे प्रामाणिकपणे मानणाऱ्यांनाही मुलांचे रडणे ऐकू आले नाही. स्वतःच्या पावित्र्याविषयी निःशंक झालेल्या संस्थेला पश्चात्ताप करता येत नाही, कारण पश्चात्ताप हे तिच्या लेखी इतरांचे काम असते. नीतिगर्वाला आध्यात्मिक धोका म्हणायचे ते नुसते आपल्या आत्म्याची काळजी म्हणून नव्हे. त्याची किंमत बहुधा दुसरा कोणी तरी मोजतो, आणि तो दुबळा असतो.

८

राहता राहिलो आपण, म्हणजे साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी. आपल्यापैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, कित्येक धार्मिकही नाहीत. तेव्हा हे सारे त्यांचे, असे म्हणून पुस्तक मिटता येईल. पण मिशनऱ्यांच्या आंधळ्या आत्मविश्वासावर शोधनिबंध लिहिताना आपल्या स्वरात जो आत्मविश्वास असतो, तो कोणत्या जातीचा असतो? गेल्या शतकातल्या लेखकांना त्यांच्या जातजाणिवेवरून, लिंगभावावरून, वर्गावरून आपण एकेक करून उभे करतो आणि गुण देतो. ते तपासणे आवश्यक आहे, मी स्वतः ते करत आलो आहे. पण तपासताना मनातल्या मनात एक प्रार्थना चालू असते, आणि ती कोणाची प्रार्थना आहे हे आपल्याला चांगले माहीत आहे.

हा लेखही त्यातून सुटलेला नाही. 'बाकीचे दृष्टान्त चुकीचा वाचतात, मी नीट वाचतो' असा त्याचा सूर लागला असेल, तर वाचकाने तो खुशाल दाखवून द्यावा. माझी मागणी एवढीच आहे, की पुढच्या वर्षी वर्गात हा दृष्टान्त आला आणि एखाद्या विद्यार्थ्याने 'तो ढोंगी होता' असे उत्तर दिले, तर आपण त्याला लगेच होकार देऊ नये. परूशाचे उपास खरे होते, दान खरे होते, कृतज्ञताही खरी होती, हे त्याला मान्य करायला लावावे आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा. वर्ग थोडा वेळ गप्प होईल. त्या शांततेत आपणही विद्यार्थ्यांच्या बाकावर बसावे.